पाणवठा क्रमांक चार

नान्नजच्या माळावर माझी पहिली नेमणूक.
खाकी शर्टाची दुकानातली घडी अजून मोडली नव्हती
आणि बाहेरच्या लांडग्याच्या आधीच
पोटात एक लांडगा येऊन बसला होता.

निघताना आईने विचारलं,
विडीच्या पानावर कात्री फिरवत, मान वर न करता :
तिथे कुत्री आहेत का गं?
मी म्हटलं, नाहीत.
लांडग्यांचं तिने विचारलं नाही.

मायप्पाची मेंढरं तेव्हा ज्वारीच्या रिकाम्या रानात बसलेली.
त्या आठवड्यात त्याची दोन कोकरं गेली.
मी पंचनाम्याचा कागद काढला,
कपाळावरचा भंडारा पुसणार नाही अशा बेताने
घाम टिपत तो म्हणाला,
'एकच लिही. दुसरं त्याचं होतं.'
त्याचं म्हणजे कुणाचं,
आणि ते कुठल्या रकान्यात घालायचं,
मी पेन तसंच धरून राहिले.

'बिरोबानं आपलं पोट शिवलं, त्याचंबी शिवलं.
सुई काय दोन हुत्या व्हय?'

भीती नाही वाटत, मायप्पा?
'वाटतीय की.
तिला घोंगड्यावर जागा करून देतो, बस म्हणतो.
हाकलली, की पळत सुटती
आन सगळ्या माळाला सांगती.'

शिवरात्र होऊन तिसरा दिवस.
नखाएवढी कोर, तीही बुडायला आलेली.
टँकर दुपारी येऊन गेला होता,
मी चार नंबरच्या पाणवठ्याची पातळी बघायला वाकले
आणि कुसळी गवत वाऱ्याविरुद्ध हललं.

ती बारा पावलांवर होती.
बारा. मी मोजली,
कारण त्या क्षणी मोजण्याखेरीज काहीच येत नव्हतं मला.
काठी गाडीला टेकवलेली, गाडी तारेपलीकडे,
जीभ टाळूला चिकटलेली,
अम्मा हा शब्दसुद्धा कोरडा पडला होता.

मग मी मोजतच राहिले.
आईच्या विड्या मोजतात तशी,
पंचवीस झाल्या की कट्टा, कट्ट्यावर दोरा,
पुन्हा एक पासून.
लहानपणी तापात मी याच आवाजाला झोपायचे :
पान, तंबाखू, बोटांची वळ, दोरा.
सुपलीपुढे बसलेल्या आईला
मी कधी देवापुढे बसलेली पाहिली नाही,
पण बसणं तेच असावं.
दुसऱ्या कट्ट्यापाशी खांदे खाली आले.
भीती गेली नव्हती. शेजारी बसली होती,
गुडघे पोटाशी घेऊन, गप्प.

आणि तेव्हा कुठे मला ती दिसली,
लांडगी नाही, ती.
फाटका डावा कान,
फासळ्यांवर उभी राहिलेली संध्याकाळ,
खाली ओघळलेले आठ आचळ,
ओढलेले, दुखरे.
कुठल्या तरी ओघळीतल्या बिळात
कुणीतरी वाट पाहत होतं.

तिने पाण्याला तोंड लावलं.
लप लप लप.
एवढ्या मोठ्या माळावर फक्त तेवढाच आवाज,
आणि माझा घसा त्याच्याबरोबर ओला होत गेला.
हजाराचा आकडा पुरा करून उठली
की आई अशीच प्यायची,
डोळे मिटून, तांब्या खाली न ठेवता.

पी, म्हटलं मी. मनात, की मोठ्याने, आठवत नाही.
पी गं.
तिने मान उचलली. हनुवटीवरून थेंब पडत होते.
माझ्याकडे पाहिलं,
जसं बोरीकडे पाहिलं असतं, दगडाकडे,
म्हणजे कसलाही आरोप न ठेवता.
आजवर इतक्या साधेपणाने
मला कुणी पाहिलं नव्हतं.

नोंदवहीत लिहिलं :
मादी, एक. पाणी प्यायली.
शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून
शेवटी एक शाईचा ठिपका राहिला, तो तसाच आहे.

शनिवारी घरी गेले.
गल्लीच्या तोंडाशी चार कुत्री आडवी पडलेली.
मी मागच्या बोळातून वळून गेले, खोटं कशाला सांगू.
आई काम करत होती. मी तिच्यासमोर बसले,
सुपलीची एक कड माझ्या गुडघ्यावर घेतली,
आणि काही न बोलता
एक पासून मोजू लागले.